रुग्णालयाचा कारभार (लेखांक ९) : कोडिंगला माणसे किती?

मेडिकल रेकॉर्ड विभागाला कोडर किती लागतात, हे खाटांवरून ठरवण्याची रीत जुनी आहे. ती सोपी आहे, पण दिशाभूल करणारी आहे. कोडरच्या टेबलावर येते ती डिस्चार्ज झालेल्या रुग्णाची फाइल. अशा फायली किती येतील आणि एकेक फाइल किती वेळ खाईल, हे खाटा मोजून कळत नाही.

बेंगळुरूतील तीन सार्वजनिक रुग्णालये शेजारी ठेवली की फरक दिसतो. वाणी विलास हे स्त्रिया व मुलांचे रुग्णालय. तिथल्या सरळ बाळंतपणाला आयसीडी-१० मधले, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतले, आईसाठी ओ८० आणि बाळासाठी झेड३८ हे कोड लागतात. काम काही मिनिटांचे, पण एका बाळंतपणामागे नोंदी दोन. निम्हान्समध्ये डोक्याला मार लागून आलेल्या दुचाकीस्वाराच्या फाइलीत इजेचा एस०६ गटातील कोड तर हवाच, शिवाय अपघात कसा झाला याचा वेगळा कोड हवा आणि त्यासाठी कॅज्युअल्टीची नोंद शोधून वाचावी लागते. किदवई कर्करोग संस्थेत अवयवाच्या कोडसोबत गाठीच्या पेशींचा प्रकारही नोंदायचा असतो. (बेंगळुरूची कर्करोग नोंदणी 1982 पासून चालू आहे, ती याच संस्थेत.) केमोथेरपीसाठी सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्याची तर रात्रीच्या खाटांत गणतीच होत नाही, कोड मात्र त्यालाही लागतो. खाटा सारख्या असत्या तरी या तिघांची गरज सारखी निघाली नसती.

म्हणून हिशेब कामावरून करावा. जागतिक आरोग्य संघटनेची ‘वर्कलोड इंडिकेटर्स ऑफ स्टाफिंग नीड’ ही पद्धत नेमकी हेच करते. तिची पहिली पुस्तिका 1998 मध्ये आली, सुधारित 2010 मध्ये. मुळात ती डॉक्टर-परिचारिकांसाठी असली तरी कोडिंगला बिनदिक्कत लागू पडते.

आधी एका माणसाचे वर्षाचे तास काढायचे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर वर्षाचे 312 दिवस. त्यातून 26 जानेवारी, 1 नोव्हेंबरचा कन्नड राज्योत्सव वगैरे 10 सुट्ट्या, 15 दिवसांची अर्जित रजा, 12 दिवसांची आजारपणाची रजा आणि 5 दिवसांचे प्रशिक्षण वजा केले की उरतात 270. आठ तासांच्या पाळीतून जेवण-कॉफीचा एक तास गेला तर हाताशी राहतात 1,890 तास. हे आकडे नमुन्याचे आहेत; प्रत्येक रुग्णालयाने ते आपल्या हजेरीपटावरून भरावेत. मंजूर रजा नव्हे, प्रत्यक्ष घेतली जाणारी रजा धरावी.

खरी मेख आहे ती एका फाइलीच्या वेळेत. तो वेळ अनुभवी कोडरच्या शेजारी घड्याळ घेऊन बसूनच मोजावा लागतो, तोही सुटसुटीत, मध्यम आणि अवघड फायलींसाठी वेगवेगळा. बेंगळुरूत अमेरिकी रुग्णालयांचे कोडिंग करणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. त्यांचे ताशी उद्दिष्ट उचलून आणण्याचा मोह होतो, पण ती मोजपट्टी इथे चालत नाही. तिथले काम बिलासाठी असते, अमेरिकेने 1 ऑक्टोबर 2015 पासून लागू केलेल्या आयसीडी-१०-सीएम या वेगळ्या आवृत्तीवर चालते आणि पडद्यावर होते. इथल्या कोडरला हस्ताक्षरातला केस पेपर लावायचा असतो आणि अर्धवट डिस्चार्ज समरीसाठी निवासी डॉक्टरमागे फिरायचेही असते.

समजा वर्षाला 35,000 फायली येतात. त्यांतल्या 60 टक्के दहा मिनिटांच्या, 30 टक्के वीस मिनिटांच्या आणि 10 टक्के चाळीस मिनिटांच्या. सरासरी येते 16 मिनिटे आणि एकूण काम 9,333 तास. त्याला 1,890 ने भागले की 4.94 मिळतात. बहुतेक प्रस्ताव इथेच थांबतात आणि पाच माणसे मागतात.

पण सात तासांतला एक तास प्रत्येकाचा फायली शोधण्यात आणि डॉक्टरांना शंका विचारण्यात जात असेल, तर कोडिंगला उरतात सहाच तास. म्हणून 4.94 ला सात षष्ठांशांनी गुणायचे, उत्तर 5.76. शिवाय विभागप्रमुखाचे कोड तपासणी आणि वार्षिक आकडेवारीचे 900 तास म्हणजे आणखी 0.48 माणूस. हे एकट्याचे काम असल्याने ते गुणायचे नाही, शेवटी मिळवायचे. बेरीज 6.24, म्हणजे सहा माणसे.

आता फायली तितक्याच ठेवून अवघड फायलींचा वाटा 20 टक्के आणि सुटसुटीत फायलींचा 50 टक्के करून पाहावा. अतिदक्षता विभाग वाढवला की असेच होते. सरासरी 19 मिनिटांवर जाते, बेरीज 7.32 वर, आणि माणसे सात लागतात. एकही फाइल न वाढता एक जागा वाढली.

सहाच्या जागी चारच असतील तर गुणोत्तर 0.67 येते, म्हणजे गरजेच्या दोन-तृतीयांश माणसांवर काम चालले आहे. दोनाची तूट चाळीस जणांच्या विभागात फारशी जाणवत नाही, सहांच्या विभागात फायलींचे ढीग लागतात.

साचलेला ढीग मात्र या हिशेबात येत नाही. 4,000 फायली पडून असतील तर वरच्याच दराने ते एका कोडरचे आठ महिन्यांचे काम आहे; त्यासाठी कायम जागा मागू नये, तात्पुरता माणूस घ्यावा. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात तेव्हा वर्षाची सरासरी उपयोगी पडत नाही, गर्दीचा महिना स्वतंत्र तपासावा लागतो. शिकाऊ कोडरला पहिले काही महिने पूर्ण माणूस धरणे हीसुद्धा नेहमीची चूक, आणि कंपन्यांच्या नोकऱ्या हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरात ती महाग पडते.

आयसीडी-११ जागतिक पातळीवर 1 जानेवारी 2022 पासून अमलात आले आहे. त्यात एका निदानासाठी अनेक कोड जोडून लिहिता येतात. रुग्णालय त्याकडे वळेल तेव्हा फाइलीमागची मिनिटे पुन्हा घड्याळ लावूनच मोजावी लागतील. आयसीडी-१० वर बेतलेला जागांचा प्रस्ताव तेव्हा चालणार नाही.