अकोले तालुका : बोली, प्रशासन आणि शिक्षण

प्रशासकीय सीमा आणि भाषिक सीमा एकमेकींशी जुळत नाहीत, हे भाषाभ्यासातील परिचित सत्य आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुका हे त्याचे बोलके उदाहरण होय. पूर्वेस प्रवरेकाठचा बागायती पट्टा संगमनेरकडे उघडतो. पश्चिमेस कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या रांगेतला पावसाळी मुलूख ‘डांगाण’ या नावाने ओळखला जातो. उत्तरेस इगतपुरी, पश्चिमेस घाटाखाली शहापूर व दक्षिणेस जुन्नर असल्याने येथील बोलीवर तीन दिशांचा संस्कार संभवतो.

डांगाणात महादेव कोळी व ठाकर या जमातींची वस्ती मोठी आहे. गुरे पाळणारे कानडेही या परिसरात आहेत. ‘कानडे’ हे नाव एका दूरच्या भाषाप्रदेशाची आठवण देते. परंतु नावावरून बोली ठरवता येत नाही. ‘कोळी’ या नावाबाबतही हाच धोका संभवतो, कारण ते किनाऱ्यावरील मच्छीमारांनाही लागू होते. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडापासून (१९०५) या बोली मराठीच्या अंतर्गत नोंदविल्या गेल्या. जनगणनेतही देशभरात दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या मातृभाषा स्वतंत्रपणे दाखविल्या जात नाहीत. शिवाय ‘मातृभाषा कोणती?’ या प्रश्नाला डांगाणातील माणूस बहुधा ‘मराठी’ असेच उत्तर देईल. ते उत्तर खोटे नाही. मात्र त्यामुळे बोलीतील वैविध्य आकडेवारीतून नाहीसे होते.

हे वैविध्य केवळ उच्चारापुरते नाही. पाठ्यपुस्तकातील ‘नाचणी’ येथे ‘नागली’ असते. कृषिखात्याची भाताची ‘पुनर्लागवड’ शेतकऱ्याच्या तोंडी ‘आवणी’ असते. ‘राब’ या एका शब्दात पालापाचोळा जाळून रोपांची जागा तयार करण्याची सारी रीत सामावलेली आहे. काळभात, रायभोग ही भाताची नावेही अशीच ज्ञानवाहक आहेत. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. शाळेत न गेलेल्या या स्त्रीने सांभाळलेले ज्ञान बोलीतील नावांसह टिकले, ही बाब भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. बियाणे नष्ट झाले की त्याचे नाव निरर्थक होते. नाव विसरले की बियाण्याची ओळख पुसट होते.

प्रशासनाने या मुलखाचे वेगळेपण भूमी आणि जमात या निकषांवर मान्य केले आहे. तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, आणि राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. भाषेचा निकष मात्र दुर्लक्षित राहिला. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला; परंतु डांगाणातील मुलाची मातृभाषा कागदोपत्री मराठीच असल्याने ही अट आपोआप पूर्ण झाली असे गृहीत धरले जाते. परिणामी पहिलीतील मुलाचा घरचा शब्द ‘अशुद्ध’ ठरतो आणि मूल गप्प होते. त्या मौनाला मतिमांद्य समजण्याची चूक सहज घडू शकते.

यावर उपाय बोलीला स्वतंत्र भाषा घोषित करणे हाच असेल असे नाही. प्रमाण मराठी ही येथील लोकांचीही गरज आहे. मात्र तिच्याकडे जाणारी वाट घरच्या शब्दांवरून गेली पाहिजे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी गावनिहाय शब्दसंग्रह तयार करावेत व प्राथमिक शिक्षकांनी ते वर्गात वापरावेत. संशोधन आणि अध्यापन यांची सांगड येथेच घालता येईल.