दोन टूथब्रशांपैकी एक कचऱ्यात

प्रेमभंगाचं गाणं म्हटलं की आपल्याकडे आधी आभाळ भरून येतं, मग चंद्र झाकोळतो आणि त्यानंतर कुठे गायक तोंड उघडतो. जपानी पॉपवाले निसर्गाला एवढी तसदी देत नाहीत (अपवाद एका फुलाचा, त्याच्याकडे येऊच). ते थेट बाथरूममध्ये शिरतात. नोरियुकी माकिहाराच्या १९९२च्या ‘मोउ कोइ नान्ते शिनाई’मधला मुलगा, ती घर सोडून गेल्यावर, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन टूथब्रशांपैकी एक टाकून द्यायचं ठरवतो. गाण्याचं नाव सांगतं, ‘आता पुन्हा प्रेम करणार नाही’. शेवटपर्यंत ऐकलं की कळतं, असं आपण कधीच म्हणणार नाही, असं पठ्ठ्या म्हणतोय! नुसतं नाव वाचून रडायला बसलेल्यांची सपशेल फजिती.

या गाण्यांची खरी गंमत मला इथेच वाटते. ‘मी दुःखी आहे’ हे वाक्य फार कमी वेळा येतं. त्याऐवजी हातात एखादी वस्तू ठेवतात नाहीतर एखाद्या जागेचा पत्ता देतात. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

सोळाव्या वर्षी तंबाखूचा वास

हिकारू उताडा यांचा ‘फर्स्ट लव्ह’ हा अल्बम मार्च १९९९मध्ये आला तेव्हा त्यांचं वय होतं १६. त्यातल्या शीर्षकगीताची सुरुवातच शेवटच्या चुंबनाला असलेल्या तंबाखूच्या चवीने होते. जपानमध्ये सिगारेट ओढायला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा ओढणारा कोण होता याच्या चर्चा झाल्या नसतील तरच नवल. अल्बम खपला पाऊण कोटीहून अधिक, तोही एकट्या जपानमध्ये. तिथला सर्वाधिक खपाचा अल्बम आजही हाच. २०२२मध्ये नेटफ्लिक्सने या गाण्यावरून ‘फर्स्ट लव्ह’ नावाची अख्खी मालिका काढली आणि अल्बम आला तेव्हा जन्मालाही न आलेली पोरं त्या गाण्यावर हमसून रडली. रडवण्याची कला उताडांच्या घरातलीच म्हणायची. त्यांच्या आई केइको फुजी या एन्का गायिका, आणि एन्का म्हणजे साके, बंदर, पाऊस आणि सोडून गेलेला माणूस.

नावातच ब्रेकअप

गुनमा प्रांतातल्या इयोरी शिमिझू या तरुणाला त्याच्या मैत्रिणीने सोडलं, तेही दुसऱ्या बँडमधल्या मुलासाठी. मग याने स्वतःचा बँड काढला आणि नाव ठेवलं ‘बॅक नंबर’, म्हणजे मासिकाचा जुना अंक. तिच्या लेखी आपण आता रद्दीच, असा हिशेब. २०१८मध्ये या रद्दीने टोकियो डोममध्ये कार्यक्रम केला. मूळ मैत्रिणीचं मत उपलब्ध नाही.

याच बँडच्या एका ब्रेकअपगीताचं नाव आहे ‘हॅपी एंड’. २०१६च्या ज्या सिनेमासाठी ते केलं, त्यात क्योटोमधल्या एका मुलाला भेटलेल्या मुलीचा काळ उलटा वाहतो. त्याची पहिली भेट ती तिची शेवटची. एवढं सगळं करून नाव ‘हॅपी एंड’! हा खवचटपणा मला फार आवडतो.

मुलगा गातो, मुलगी बोलते

युउरी या गायकाने २०१९मध्ये ‘काकुरेंबो’ म्हणजे ‘लपंडाव’ हे गाणं केलं. त्यात सोडून गेलेल्या मुलीबद्दल मुलगा बोलतो. पुढच्याच वर्षी त्याने त्याच गोष्टीची दुसरी बाजू मांडली, या वेळी मुलीच्या तोंडून. ते ‘ड्राय फ्लॉवर’. वाळवून ठेवलेल्या फुलासारखा रंग उडत जाणारा, तरी टाकवत नाही असा जुना संबंध. उत्तर प्रश्नापेक्षा जास्त गाजलं: बिलबोर्ड जपानच्या २०२१च्या वार्षिक यादीत ते पहिलं आलं. सॉसी डॉग या बँडचं २०२१चंच ‘सिंड्रेला बॉय’ही असंच. बेइमान मुलाला कंटाळलेली, पण सोडू न शकणारी मुलगी, आणि आवाज पुरुषाचा. आपल्याकडे पुरुष शाहिरांनी विरहिणीच्या लावण्या लिहिल्या, तेव्हा मराठी कानाला हे नवं वाटायचं कारण नाही.

या खेळाचा राजा मात्र १९७५चा. ‘मोमेन नो हँकाचीफु’ या हिरोमी ओताच्या गाण्यात चार कडवी आहेत आणि प्रत्येकात दोघं बोलतात: आधी शहरात गेलेला तो, मग गावात राहिलेली ती. तो म्हणतो, तुला शहरातून काय पाठवू? ती म्हणते, काही नको. कडव्यागणिक तो बदलत जातो, सुटाबुटातला फोटो पाठवतो. शेवटी, आता परत येता येणार नाही असं त्याने कळवल्यावर ती पहिल्यांदाच काहीतरी मागते: डोळे पुसायला एक सुती रुमाल. गीतकार ताकाशी मात्सुमोतो. चार मिनिटांच्या आसपासची अख्खी कादंबरी आहे ही. बाकी सगळी गाणी विसरलात तरी चालेल, हे ऐका.

मार्च महिना वाईट

जपानी शाळा-कॉलेजचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि एप्रिलमध्ये नवं सुरू होतं. म्हणजे निरोप, बदल्या, टोकियोला प्रयाण आणि साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहर हे सगळं एकाच सुमारास. ते अपवादाचं फूल हेच. शाळेचा निरोप घेताना मुलाच्या गणवेशाचं वरून दुसरं बटण मागून घ्यायची जुनी पद्धत आहे, कारण ते हृदयाच्या सर्वांत जवळ. योशिए काशिवाबाराच्या १९८३च्या ‘हारु नानोनी’मध्येही आठवण म्हणून मागितलं जातं ते बटणच.

मासाहारू फुकुयामाचं २०००चं ‘साकुराझाका’ तर वीस लाखांवर खपलं. साकुराझाका हा टोकियोच्या ओता वॉर्डातला खराखुरा चढाचा रस्ता. गाणं गाजलं आणि भग्नहृदयी मंडळींची तिथे रीघ लागली.

स्टेशनं वेगळीच. ‘नागोरी युकी’मध्ये टोकियो सोडून चाललेली मुलगी, फलाट आणि अवेळी पडणारा बर्फ. ते लिहिणाऱ्या शोझो इसे यांच्या गावी, त्सुकुमी स्टेशनवर, गाडी येताना-जाताना याच गाण्याची धून वाजते. विचार करा, रोज ऑफिसला निघताना ब्रेकअप! मारिया ताकेउचीच्या ‘एकी’ची नायिका जुना प्रियकर दिसला तरी हाक मारत नाही. शेजारच्या डब्यातून त्याला नुसती बघते.

चाळीस वर्षांनी व्हायरल

मिकी मात्सुबाराने ‘मायोनाका नो डोआ’ हे ब्रेकअपगीत १९७९मध्ये गायलं, वयाच्या १९व्या वर्षी. २०२०च्या शेवटी टिकटॉकवर ते जगभर पसरलं. जपानी आया असलेली परदेशातली पोरं अचानक हे गाणं लावायची आणि आईचा चेहरा टिपायची. आया भांडी टाकून नाचू-गाऊ लागायच्या. मात्सुबारा २००४मध्येच वारली होती, अवघ्या ४४व्या वर्षी.

केन्शी योनेझूचं ‘लेमन’ (२०१८) खरं तर ब्रेकअपचं नव्हेच, मृत्यूचं. ते रचत असतानाच त्याचे आजोबा गेले. तरी हृदयभंगवाले ते आपलंच समजून ऐकतात.

अशी गल्लत जुनीच. १९६३मध्ये अमेरिकेत सलग तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं क्यू साकामोतोचं ‘सुकियाकी’ जगाने प्रेमभंगाचं मानलं. लिहिणारे रोकुसुके एइ खिन्न होते ते अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्धच्या आंदोलनाला अपयश आलं म्हणून! आणि सुकियाकी हा गोमांसाचा एक पदार्थ. गाण्यात त्याचा मागमूसही नाही, परदेशी लोकांना उच्चारायला सोपं म्हणून ठेवलेलं नाव. उद्या कुणी ‘शुक्रतारा’ लंडनमध्ये ‘मिसळपाव’ म्हणून विकावं, तसं.

रडायची खोली भाड्याने

ही गाणी नुसती ऐकायची नसतात. जपानमध्ये एकट्याने कॅराओके करायची रीतसर सोय आहे, एका माणसापुरती खोली, हेडफोन, माइक. कितीही बेसूर रडा. कॅराओके मशीन १९७१मध्ये कोबेत बनवणाऱ्या दाइसुके इनोउए यांनी पेटंटच घेतलं नाही, त्यामुळे अब्जावधींच्या धंद्यातून हाती फारसं काही लागलं नाही. २००४मध्ये विनोदी ‘इग नोबेल’चा शांतता पुरस्कार मिळाला, माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल. पुढे त्यांनी पैसे मिळवले ते वेगळ्याच मालावर: कॅराओके मशीनमध्ये शिरून वायरी कुरतडणारे उंदीर आणि झुरळं पळवणारं औषध.