स्वीडनच्या जुन्या मोटारी आणि त्यांचे हौशी धनी

व्होल्वो हा शब्द आज आपल्या घरोघरी परिचयाचा झाला आहे, तो बसमुळे. २००१ साली या कंपनीच्या बसगाड्या भारतात धावू लागल्या आणि थोड्याच वर्षांत रात्रीचा लांबचा प्रवास करणाऱ्यांच्या तोंडी 'व्होल्वोने आलो' हे शब्द इतके रुळले की, कोणत्याही वातानुकूलित आरामबसला लोक व्होल्वोच म्हणू लागले. ज्या देशातून हे नाव आले त्या स्वीडनमध्ये मात्र व्होल्वो म्हटले की, जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे गोल पाठीची एक छोटेखानी मोटार उभी राहते. तिच्या जोडीला 'साब' ही दुसरी. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या या मोटारी जिवापाड जपणारे, सुट्टीचा दिवस त्यांच्याखाली आडवे पडून घालवणारे हौशी लोक स्वीडनमध्ये आणि स्वीडनबाहेरही विखुरलेले आहेत. त्यांच्या या छंदात आपणा सर्वांच्या घरी येणारा एक प्रश्न दडलेला आहे. आवडती जुनी वस्तू जशीच्या तशी राखावी, की वापरात राहावी म्हणून तिच्यात बदल करावा?

सामान्य माणसाची गाडी

आपल्याकडे जुनी मोटार म्हटली की, राजेरजवाडे आठवतात. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जानेवारी २०२३ मध्ये जुन्या मोटारींचे जे प्रदर्शन भरले, त्याला शोभलीही तीच पार्श्वभूमी. स्वीडिश मोटारींचे कुळ इतके खानदानी नव्हे. आसार गाब्रिएल्सन आणि गुस्ताफ लार्सन या दोघांनी उभारलेल्या व्होल्वोची पहिली मोटार १४ एप्रिल १९२७ रोजी गोथेनबर्गच्या कारखान्यातून बाहेर पडली. पण सामान्य संसारी माणसाला परवडेल अशी 'पीव्ही ४४४' ही गाडी १९४४ साली, महायुद्ध चालू असतानाच, स्टॉकहोमच्या प्रदर्शनात मांडण्यात आली. किंमत ४,८०० क्रोनर, म्हणजे १९२७ च्या पहिल्या गाडीइतकीच! त्या प्रदर्शनातच २,३०० लोकांनी मागणीचे करार केले. प्रत्यक्ष उत्पादन सुरू व्हावयास १९४७ साल उजाडले. पुढे तिची सुधारलेली बहीण 'पीव्ही ५४४' आणि १९५६ पासूनची 'अमेझॉन' या गाड्यांनी स्वीडिश कुटुंबांचे संसार वाहिले.

साबची कथा याहून निराळी. ही मूळची विमाने बांधणारी कंपनी. युद्ध संपत आले तशी विमानांची मागणी घटणार हे ओळखून तिने मोटारीकडे मोर्चा वळवला. १९४९ च्या अखेरीस ट्रोलहेट्टन गावी तयार होऊ लागलेली 'साब ९२' ही विमानाच्या पंखासारखी निमुळती होती आणि सुरुवातीच्या सर्व गाड्या एकाच हिरव्या रंगाच्या होत्या. इंजिन दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, अवघ्या २५ अश्वशक्तीचे. ज्यांनी एके काळी पंपावर स्कूटरच्या पेट्रोलात ऑइल मिसळून घेतले आहे, त्यांना या इंजिनाचा स्वभाव समजावून सांगावयास नको. पेट्रोलाबरोबर येणारे तेल हेच त्याचे वंगण. मग उतारावर पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला, तर चाके इंजिनाला गरगर फिरवणार आणि वंगण मात्र थेंबभरच मिळणार! यावर साबच्या अभियंत्यांनी 'फ्री-व्हील'ची तोड काढली. सायकलचे पायडल थांबवले तरी चाक फिरत राहते, त्याप्रमाणे उतारावर चाके मोकळी धावत आणि इंजिन संथपणे विसावे.

प्रेम जडते ते हातांमुळे

या गाड्यांवर माणसे इतका जीव का लावतात? आमच्या मते, त्या उघडून पाहता येतात, हे त्याचे पहिले कारण. १९६१ मध्ये आलेले व्होल्वोचे 'बी १८' हे इंजिन घ्या. क्रँकशाफ्टला पाच बेअरिंगांचा भक्कम आधार, बॉनेट उचलले की प्रत्येक भाग नजरेस पडतो आणि साध्या पान्यांनी सुटतो. आपल्याकडे जुन्या फियाटचे किंवा अॅम्बॅसडरचे धनी ज्या विश्वासाने कार्बुरेटर साफ करीत, तोच विश्वास येथेही दिसतो.

खरा शत्रू इंजिनात नसून पत्र्यात असतो. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून तेथील रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा तळ पोखरते. म्हणून अनेक धनी जुनी गाडी हिवाळाभर झाकून ठेवतात. त्या लांबलचक काळोख्या महिन्यांत गंजलेला पत्रा कापणे, नवा जोडणे, दारे बसवणे अशी कामे चालतात आणि वसंत ऋतू आला की, गाडी पुन्हा रस्त्यावर येते.

बदलाची मर्यादा कोठे?

बदलाच्या प्रश्नावर या मंडळींत दोन तट पडतात. एका पक्षाच्या मते, कारखान्यातून निघाली तशी गाडी राखणे हेच खरे जतन. आसनाचे कापडसुद्धा त्याच विणीचे हवे. दुसऱ्या पक्षाला गाडी धावती हवी. तो ६ व्होल्टची मिणमिणती विद्युतयोजना काढून १२ व्होल्टची बसवतो, जुन्या ४४४ मध्ये पुढच्या काळातले दणकट 'बी १८' किंवा 'बी २०' इंजिन घालतो, जोड-कार्बुरेटर लावतो, डिस्क ब्रेक बसवतो. काही बदलांना मात्र कट्टर पक्षही सहसा नावे ठेवीत नाही. १९५९ मध्ये व्होल्वोचे अभियंते नील्स बोलीन यांनी तीन टोकांचा सुरक्षापट्टा सिद्ध केला आणि कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. त्याआधीच्या गाडीत असा पट्टा बसवला, तर त्याला विटंबना कोण म्हणेल?

सर्वांत धाडसी बदल खेड्यापाड्यांत दिसतो. महायुद्धात ट्रॅक्टर मिळेनात, तेव्हा शेतकऱ्यांनी जुन्या मोटारी कापून त्यांचे ट्रॅक्टर केले. एका स्वस्त दुकानसाखळीच्या नावावरून त्यांना 'एपा' म्हणू लागले. आज त्यांच्या वंशजांचा, म्हणजे 'ए-ट्रॅक्टर'चा वेग ताशी ३० किलोमीटरवर बांधलेला असतो आणि पंधरा वर्षांचे मूलही मोपेडच्या परवान्यावर तो चालवू शकते. त्यासाठी अनेक जुन्या व्होल्वोंचा मागचा भाग कापला जातो. जुन्या गाडीचा भक्त हळहळतो. पण दूरच्या गावातल्या मुलासाठी तेच पहिले वाहन असते आणि पाना कसा धरावा हेही तो तिथेच शिकतो.

गाडी वापरणाऱ्यांच्या बाजूने दोन साक्षी मोठ्या बोलक्या आहेत. केनियातील शीख चालक जोगिंदर सिंग यांनी भाऊ जसवंत यांच्यासह १९६५ ची ईस्ट आफ्रिकन सफारी शर्यत जिंकली, ती आधी शर्यतीत वापरून झालेल्या पीव्ही ५४४ मध्ये. अमेरिकेतील विज्ञानशिक्षक आयर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेली 'पी १८००' सप्टेंबर २०१३ पर्यंत तीस लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर चालवली.

साबच्या धन्यांपुढे तर हा प्रश्न अधिकच निकराचा आहे. डिसेंबर २०११ मध्ये साबची मोटार कंपनी दिवाळखोरीत गेली. ट्रोलहेट्टनचे संग्रहालय विकले जाण्याची वेळ आली, तेव्हा २०१२ साली नगरपालिका, विमाने बांधणारी साब आणि वॉलेनबर्ग प्रतिष्ठान यांनी मिळून ते वाचवले. तेथे गाड्या सुरक्षित आहेत. तथापि रस्त्यावर साब दिसणार की नाही, हे आता तिच्या धन्यांच्या हातीच उरले आहे.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय केली. पण चॅसिस, सांगाडा वा इंजिन मुळाबरहुकूम असावे, अशी अट घातली आणि नित्याच्या वापरास मनाई केली. कायद्याला अशी रेषा आखावीच लागते. घरच्या माणसाने मात्र तारतम्य वापरावे, असे आम्हांस वाटते. जो बदल उद्या काढून टाकता येतो आणि आज गाडीला चालती ठेवतो, तो खुशाल करावा. काढलेला मूळ भाग मात्र तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर जपून ठेवावा. पुढच्या धन्याला तो हवा असेल.