चॉकलेटची जत्रा आणि रक्तातील साखर

परदेशी राहणारी मुले सुटीत घरी आली की बॅगेतून आधी चॉकलेटचे डबे बाहेर पडतात. आखातातले असोत, जर्मनीतले असोत की अमेरिकेतले, घिवली-तारापूरपासून बोईसरपर्यंत ते शेजारीपाजारी वाटले जातात. चार दिवसांनी दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, काळे चॉकलेट डायबेटीसला चालते ना? मुलाने मुद्दाम तेच आणले आहे."

या प्रश्नाचे उत्तर मला एका जत्रेत जिभेवरच मिळाले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये इटलीतील पेरुजा येथे मुलीकडे मी काही आठवडे राहत होतो. डोंगरावर वसलेले हे जुने शहर. 'पेरुजिना' हा चॉकलेटचा प्रसिद्ध कारखाना तेथे १९०७ साली निघाला. १९९४ साली सुरू झालेली 'युरोचॉकलेट' ही जत्रा त्या महिन्यात भरली होती. आपल्याकडे बोर्डीला चिकू महोत्सव भरतो, तसाच हा प्रकार; फक्त चिकूच्या जागी चॉकलेट. मुख्य रस्त्यावर दुतर्फा दुकाने होती आणि चव पाहण्यासाठी बोटाच्या पेराएवढे तुकडे मिळत होते.

एका दुकानात कोकोच्या प्रमाणाप्रमाणे वड्या मांडल्या होत्या: ५०, ७०, ८५ आणि शेवटी १०० टक्के. ती शेवटची वडी तोंडात टाकली आणि कारल्याची आठवण झाली. कोकोचे बी मुळात कडूच. म्हणजे चॉकलेटमध्ये जी गोडी आपल्याला आवडते, ती बहुतांशी वरून घातलेल्या साखरेची असते.

आता हिशेब पाहू. साध्या दुधाच्या चॉकलेटमध्ये साधारण निम्मी साखर असते. ७० टक्के कोकोच्या काळ्या चॉकलेटमध्येही १०० ग्रॅममागे सुमारे ३० ग्रॅम साखर असतेच. शिवाय दोन्हींत चरबी भरपूर; १०० ग्रॅमची वडी म्हणजे साडेपाचशेच्या आसपास कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. आपल्या दोन-तीन गोड चहांत त्यातली बरीच संपते.

काळे चॉकलेट हृदयाला चांगले, असेही ऐकू येते. अमेरिकेत एकवीस हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यात कोकोच्या अर्काच्या गोळ्यांनी हृदयविकाराच्या एकूण घटना ठामपणे कमी झाल्याचे दिसले नाही. हृदयविकाराचे मृत्यू काहीसे कमी आढळले, पण तेवढ्यावरून औषध म्हणून शिफारस करता येत नाही. आणि तो अर्क होता, साखर-लोण्याची वडी नव्हे.

'शुगर-फ्री' लिहिलेल्या डब्याबद्दलही दोन शब्द. त्यात बहुधा माल्टिटॉलसारखे पदार्थ असतात. त्यांनी साखर कमी वाढते, पण अजिबात वाढत नाही असे नाही; जास्त खाल्ले तर पोट फुगते आणि जुलाब होतात.

यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच आहे. मध्यंतरी मासळी विकणाऱ्या एका मावशींना लोकांनी दवाखान्यात आणले. पहाटे डायबेटीसची गोळी घेऊन त्या उपाशीपोटीच बाजाराला निघाल्या होत्या. वाटेत घाम सुटला, हात थरथरू लागले. साखर उतरली हे त्यांनी बरोबर ओळखले आणि मुलाने पाठवलेले चॉकलेट खाल्ले. वीस मिनिटे झाली तरी घाम थांबेना. बोलणे अडखळू लागले होते. ग्लुकोज दिल्यावर त्या सावरल्या.

चॉकलेट गोड असूनही उपयोगी का पडले नाही? त्यातली चरबी पोट रिकामे होण्याचा वेग मंदावते, म्हणून साखर रक्तात उशिरा पोचते. साखर उतरलेल्या माणसाजवळ तेवढा वेळ नसतो. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून प्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी आणि सावरल्यावर पोटात काहीतरी खाणे घालावे. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही. त्यांनी ग्लुकोजच घ्यावे. गोळीत काय आहे हे औषधवाल्याला विचारून ठेवावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

तेव्हा मुलांनी प्रेमाने आणलेले चॉकलेट नाकारू नका. साखर आटोक्यात असेल, तर जेवणानंतर एखादा लहान तुकडा सावकाश चघळायला हरकत नाही. त्या दिवशी एक चहा बिनसाखरेचा घ्या. वेष्टनावरील घटकांची यादी वाचा: जो पदार्थ सर्वांत जास्त, त्याचे नाव आधी असते. पहिले नाव साखरेचे असेल, तर ती साखरेचीच वडी समजा. डबा नातवंडांच्याही हाती सबंध देऊ नका. आणि गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी घराबाहेर पडताना पिशवीत चॉकलेट नव्हे, ग्लुकोजची पुडी ठेवावी. उपाशीपोटी मात्र निघूच नये.