धरणातली रिकामी जागा

धरण भरल्याची बातमी आली की आपल्या घरांत आनंद होतो. टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभे राहिलेल्या मराठवाड्यात तो व्हायलाच हवा. पण पावसाळ्यात धरणातली रिकामी जागाही तितकीच मोलाची असते. तिच्याबद्दल आपण क्वचितच बोलतो.

सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडी येथे दुधना नदीवर निम्न दुधना धरण आहे. त्याला २० दरवाजे आहेत. उपयुक्त साठा सुमारे २४२ दशलक्ष घनमीटर. धरण सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले, म्हणून ते भरून घेण्याकडेच कल असतो. मात्र धरण काठोकाठ असताना वर जालना जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, तर येईल तेवढे पाणी खाली सोडण्यावाचून इलाज राहत नाही. दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. पुढची नदीच तुडुंब असेल तर पाणी मागे फुगते आणि काठचे कापूस-सोयाबीन हातचे जाते.

केवळ पूर थोपवण्यासाठीही जलाशय बांधतात. अमेरिकेतील डेटन शहर १९१३ च्या पुरात बुडाले. त्यानंतर तेथे नद्यांवर पाच धरणे बांधली गेली. ती १९२२ पर्यंत पूर्ण झाली. त्यांना दरवाजे नाहीत. तळाशी ठरावीक मापाची वाट ठेवलेली आहे. तेवढे पाणी जाते, जास्तीचे मागे थांबते आणि हळूहळू ओसरते. एरवी ती जमीन कोरडी असते. आपल्या देशात दामोदर खोऱ्यातील मैथन व पंचेत धरणांतही पुरासाठी वेगळी जागा राखलेली आहे.

निम्न दुधनाचा हिशेब करून पाहू. उपयुक्त साठ्याचा दहावा भाग, म्हणजे २४ दशलक्ष घनमीटर जागा मोकळी असेल, तर सुमारे ९,८०० क्युसेक पाणी पूर्ण २४ तास अडवता येते. एवढ्या अवधीत गुरे हलवता येतात, विहिरीवरची मोटर काढता येते, म्हातारी माणसे सुरक्षित जागी नेता येतात.

पण पुढे पाऊस आलाच नाही तर? मग उन्हाळ्यात तीच जागा घशाला कोरड पाडील. म्हणूनच कोणत्या तारखेला पाणी किती पातळीवर असावे, याची ‘जलाशय परिचालन सूची’ असते. सुरुवातीला जागा मोकळी ठेवायची आणि पावसाळा सरत येईल तसे धरण भरत न्यायचे, हा तिचा अर्थ.

आमचे वाचकांना सांगणे एवढेच, की ही सूची आपल्या ग्रामसभेत मागा, समजून घ्या. दरवाजे उघडण्याआधी किती तास सूचना मिळणार, तेही विचारा. ती सूचना मशिदीच्या आणि मंदिराच्या भोंग्यावरून वाडी-वस्तीपर्यंत पोहोचवण्याचे काम कोणाकडे, हे पावसाळ्याआधीच ठरवून ठेवा.