क्षणाचा नेम : अर्धवाहकांतील कालकंप व त्याचें निवारण

गवयाचा गळा कितीही सुरेल असो, तो समेवर वेळेंत आला नाहीं तर मैफल फसते. गणकयंत्राचेंही तसेंच आहे. त्याच्या आंत शून्य आणि एक या दोनच अंकांची अखंड देवघेव चालते. परंतु कोणता अंक आला एवढ्यानें भागत नाहीं, तो कोणत्या क्षणीं आला हेंही तितकेंच महत्त्वाचें असतें. ठरलेल्या क्षणाच्या किंचित् अलीकडे वा पलीकडे संकेत येण्याच्या दोषाला अभियंते ‘जिटर’ म्हणतात. मराठींत त्यास ‘कालकंप’ म्हणावयास हरकत नाहीं.

हा प्रश्न किती नाजूक आहे, तें स्मृतींत वापरल्या जाणाऱ्या डीडीआर-४ जातीच्या चिपवरून कळेल. या जातीचें मानक जेडेक या संस्थेनें २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. तींतील ३२०० क्रमांकाच्या वेगाची चिप आपल्या प्रत्येक तारेवर सेकंदास ३२० कोटि अंक पाठविते. एका अंकाच्या वांट्यास ३१२·५ पिकोसेकंद येतात. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा सहस्रांश. एका अंकाच्या या अवधींत प्रकाशसुद्धां सुमारें साडेनऊ सेंटिमीटरच जातो. अंक घेणारी बाजू या अवधीच्या साधारण मध्यावर दाब पाहते. कालकंप वाढला म्हणजे दोन्ही कांठ खचूं लागतात, निर्धास्तपणें पाहण्याची मधली जागा आकुंचन पावते आणि अखेर एकाच्या जागीं शून्य वाचला जातो. तो अंक एखाद्याच्या ठेवीच्या हिशेबांतील असेल, किंवा रुग्णाच्या चित्रांतील असेल. पिकोसेकंदांची ही काटकसर म्हणूनच हौसेची बाब नव्हे.

हा कंप येतो कोठून? संकेताचा दाब एकदम उभा चढत नाहीं. तो उतरणीसारख्या रेषेनें चढतो आणि ठराविक पातळी ओलांडली म्हणजे अंक बदलला असें मानलें जातें. चढतांना २० मिलिव्होल्टची खळबळ झाली आणि चढाचा वेग नॅनोसेकंदास १ व्होल्ट असला, तर पातळी ओलांडण्याची वेळ २० पिकोसेकंदांनीं चुकते. तोच वेग ४ व्होल्ट असला तर चूक ५ पिकोसेकंदांची होते. म्हणजे काळाचा दोष मुळांत दाबाचाच दोष असतो.

मग चढ शक्य तितका ताठ करावा, हा उपाय सहज सुचतो. परंतु येथेंच खरा पेंच आहे. चाळींतील आठ बिऱ्हाडांनीं एकाच क्षणीं नळ सोडले तर प्रत्येकाची धार बारीक होते. तसेंच, आठ तारांवरील अंक एकदम पालटले म्हणजे चिपला वीज पुरविणाऱ्या मार्गावर ओढ पडते. प्रवाह जितक्या झटक्यानें बदलेल तितका तार त्यास अधिक विरोध करते. सुमारें १ मिलिमीटर लांबीच्या बारीक तारेंतून १० मिलिअँपिअरचा प्रवाह १०० पिकोसेकंदांत बदलला, तर तिच्या दोन टोकांत अदमासें ०·१ व्होल्टचा फरक पडतो. ज्या चिपचा सारा पुरवठाच १·२ व्होल्टचा, तिला हा धक्का लहान नव्हे. चढ ताठ करावा तर खळबळ वाढते. सौम्य करावा तर अल्प खळबळही वेळ चुकविते.

म्हणून निवारणाचा भर वेगापेक्षां शांततेवर असतो. पहिला उपाय घरगुती आहे. नळाचा भरंवसा नसला म्हणजे मोरींत पिंप भरून ठेवतात. त्याचप्रमाणें चिपच्या अगदीं निकट, आणि तिच्या आंतही, कपॅसिटर बसवितात. क्षणिक मागणी त्यांतील सांठ्यावर भागते. हें पिंप दूर ठेवून मात्र चालत नाहीं, कारण मधली तारच पुन्हां अडसर होते.

दुसरा उपाय मोठा चतुर आहे. या जातींत तार शून्यावर असतांनाच तिच्यांतून प्रवाह वाहतो. म्हणून आठांपैकीं चारांहून अधिक अंक शून्य निघाले, तर चिप आठही अंक उलटे करून पाठवूं शकते व एका जादा तारेनें तसें कळविते. ती तार धरूनही नऊपैकीं चारांहून अधिक तारा एका वेळीं शून्यावर राहत नाहींत. एकंदर प्रवाहाला आणि त्याच्या धक्क्याला मर्यादा पडते.

तिसरा उपाय प्रतिध्वनीवर आहे. तारेच्या टोकाशीं योग्य रोध नसला तर संकेत आपटून परत फिरतो व मागून येणाऱ्या अंकांत मिसळतो. डीडीआर-२ पासून हा रोध चिपच्या आंतच घालण्यांत आला. उष्णतेनें त्याचें मान बदलतें, म्हणून बाहेर २४० ओहमचा एक अचूक रोध ठेवून त्याच्याशीं आंतील मंडलें वेळोवेळीं ताडून पाहिलीं जातात.

चौथा उपाय सोबतीचा. अंकांबरोबर ताल देणारा संकेतही त्यांच्याच शेजारून, तारांच्या जोडीनें पाठवितात. एक तार चढते तेव्हां दुसरी उतरते व घेणारी बाजू दोहोंतील फरक पाहते. दोहोंवर सारखी पडलेली खळबळ त्यांत बव्हंशीं वजा होते. शिवाय अंक आणि ताल एकत्रच ढळले, तर त्यांचा परस्परांचा मेळ बराचसा टिकतो.

इतकें करूनही कांहीं कंप उरतोच. उष्णतेमुळें होणारी इलेक्ट्रॉनांची चंचलता कोणत्याही कौशल्यानें समूळ नाहींशी होत नाहीं. अशा यदृच्छ कंपाला निश्चित कमाल मर्यादा नसते. म्हणून चूक अशक्य करण्याऐवजीं ती अत्यंत दुर्मिळ करणें हेंच ध्येय ठेवावें लागतें. एक लाख कोटि अंकांत एकच चूक चालेल असें ठरविलें, तर या कंपाच्या सरासरी मानाच्या सुमारें चौदापट जागा राखून ठेवावी लागते. बाहेरची खळबळ जितकी कमी, तितकी ही जागा राखणें सोपें. शीघ्र गति हवी असेल तर आधीं स्थैर्य साधलें पाहिजे, हा या सूक्ष्म विद्येचा पहिला पाठ होय.