वन्यजीवांची हिवाळी शाल

पौष महिन्यात पहाटे चिपळूणहून कुंभार्ली घाट चढू लागले, की वाशिष्ठीचे खोरे मागे पडते आणि बोचरा वारा जाणवू लागतो. आपण शाल ओढून घेतो. घाटमाथ्यापलीकडे कोयना अभयारण्य आहे. २०१० साली स्थापन झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा ते भाग आहे. तेथील सांबराची शाल त्याच्या अंगावरच असते. हिवाळ्यात त्याचे राठ केस अधिक दाट व गडद होतात.

हे केस उष्णता निर्माण करीत नाहीत. त्यांच्या दाटीत अडकलेली निश्चल हवा अंगातील ऊब राखते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर आहारातून मिळालेली ऊब ही जमा, अंगातून बाहेर पडणारी ऊब हा खर्च आणि केसांचे आवरण म्हणजे त्या खर्चावरचा लगाम.

हा खर्च हवामानानुसार बदलतो. थंडी वाढली की त्वचेतील सूक्ष्म स्नायू केस उभे करतात आणि हवेचा थर जाड होतो. वारा हा थर विस्कटतो. केस पुरते भिजले तर हवेची जागा पाणी घेते आणि पाण्याची उष्णतावाहकता निश्चल हवेच्या सुमारे २५ पट असते. म्हणून कोरड्या थंडीपेक्षा ओल आणि वारा यांची जोडी प्राण्याला अधिक जाचक ठरते. निरभ्र रात्री उघड्या माळावरील प्राण्याच्या पाठीवरून उष्णता आकाशाकडे निघून जाते. डोक्यावर ढग किंवा झाडांचे छत असेल तर ही गळती कमी होते. सकाळचे ऊन गडद केसांत शोषले जाते आणि रात्रीची तूट काही अंशी भरून निघते.

सारांश, शाल कितीही दाट असली तरी तिला आडोशाची जोड लागते. झाडी, झुडपे आणि उंच गवत हा वन्यजीवांचा आडोसा होय. हिवाळा सरता सरता आपल्या डोंगरांना वणवे लागतात, ते पुष्कळदा माणसाच्या निष्काळजीपणामुळेच. त्यांत असंख्य लहान जीव होरपळतात आणि जे वाचतात त्यांचे छप्पर जाते.

आपल्यापैकी अनेकांच्या आंबा-काजूच्या बागा आहेत. बागेतील वाळले गवत पेटवून देण्याऐवजी कापून झाडांच्या बुंध्याशी पसरावे आणि गड्यांनाही तसे बजावावे. जंगलातील जीवाला आपण पांघरूण घालू शकत नाही. त्याचा आडोसा आपल्या हातून जळू न देणे, ही जयणा मात्र प्रत्येकाला पाळता येईल.